त्याने सांगितलं होतं का?

नोकरीतल्या केसेस घरी आणायच्या नाहीत, हा माझा नियम होता. तो मी बहुतेक पाळला. एक केस मात्र घरी आली आणि निवृत्तीनंतरही घरातच राहिली. तिच्यातल्या कुणाचंही नाव मी सांगणार नाही. काउंटीचंही, म्हणजे अमेरिकेतल्या त्या जिल्ह्याचंही नाही.

थोडं माझ्याबद्दल. माझे वडील सांगलीकडे पोलीस खात्यात जमादार होते. त्यामुळे जबानी, पंचनामा हे शब्द मला घरातलेच. मी शिकायला अमेरिकेत आलो, शिक्षण पुरं केलं आणि मग राज्याच्या तपास खात्यात शिरलो. इथल्या मराठी मंडळात लोक हसायचे. "अरे, इथे येऊन पोलीस? ते तर सांगलीतही होता आलं असतं," असं एक काका दर गणपतीत ऐकवायचे. मी सीनिअर डिटेक्टिव्ह होऊन निवृत्त झालो, तरी त्यांचं समाधान झालं नाही.

आमच्याकडे पद्धत अशी की काउंटीच्या जेलमध्ये कैदी मेला तर त्या जेलच्या माणसांनी तपास करायचा नाही. बाहेरचं खातं येतं, म्हणजे आम्ही. हिवाळ्यातल्या एका सोमवारी सकाळी तसाच फोन आला. कोठडीत मृत्यू. भारतीय, तिशीतला, इंजिनिअर.

मी आणि माझी सहकारी, एक अनुभवी अमेरिकन बाई, तिथे पोचलो. पंचनामा झाला, फोटो झाले. शिफ्टच्या सुपरवायझरने जी हकीगत सांगितली ती अशी. शनिवारी दुपारी गस्तीवरच्या पोलिसाला हायवेच्या कडेला बर्फात तिरपी घुसलेली गाडी दिसली. चालक झोकांड्या देत होता, जीभ जड झाली होती. दारूची टेस्ट शून्य आली, म्हणून ड्रग्जचा संशय. सोमवारी कोर्टात उभं करायचं म्हणून जेलमध्ये आणलं. आल्यापासून तो शुद्धीत नव्हता, निरर्थक बडबड करत होता. आजाराबद्दल त्याने काहीही सांगितलं नाही. जेवण आणि नर्स दोन्ही नाकारलं. सोमवारी पहाटेच्या फेरीत मृत आढळला.

हकीगत सरळ होती. जेलमध्ये अशी माणसं मरतात, हे मला माहीत होतं. मग आम्ही टो करून नेलेली त्याची गाडी उघडली. मागच्या सीटवर एक बॅग होती. तिच्यात इन्सुलिनची पेनं, रक्तातली साखर बघायचं मीटर आणि न उघडलेला जेवणाचा डबा. मुलाला टाइप वन डायबिटीस होता. म्हणजे ज्यांना इन्सुलिन चुकलं की एक-दोन दिवसांत जिवावर बेततं, त्यातला तो होता.

सुपरवायझरला मी हे सांगितलं. तो शांतपणे म्हणाला, "वाईट झालं. पण त्याने आम्हाला सांगायला हवं होतं."

त्याची बहीण ईडन प्रेरी नावाच्या उपनगरात राहायची. तो तिच्याकडूनच शेजारच्या राज्यातल्या आपल्या गावी निघाला होता. मी तिला फोन केला, इंग्रजीत ओळख करून दिली. माझं आडनाव ऐकून ती म्हणाली, "तुम्ही मराठी आहात?" मग पुढचं सगळं बोलणं मराठीत झालं.

"त्याने जेवणाआधीचं इन्सुलिन घेतलं होतं," ती म्हणाली. "मग ऑफिसमधून मेसेज आला, रस्ते खराब होणारेत, लवकर निघ. दोन घास खाल्ले आणि डबा घेऊन गेला. मी म्हटलं पूर्ण जेवून जा. म्हणाला, वाटेत खातो ताई. त्याची शुगर लो झाली असणार. लो झाली की तो दारू प्यायल्यासारखा चालतो. हे आमच्या बिल्डिंगमधल्या लहान पोरांनासुद्धा माहिती होतं."

"नंतर त्याचा फोन?"

"शनिवारी संध्याकाळी एका अनोळखी नंबरवरून कॉल आला होता. रेकॉर्डेड मेसेज सुरू झाला. मी स्पॅम समजून कट केला." जेलमधून केलेला कॉल तसाच रेकॉर्डेड मेसेजने सुरू होतो. मग एकदम ठाम आवाजात, "पण एक सांगते. त्याने सांगितलं नाही, हे शक्यच नाही. तो कुणाला भेटला की आधी तेच सांगायचा. कॉलेजात, ऑफिसमध्ये, ट्रेकला. आईने लावलेली सवय होती ती."

आठवड्याभरात त्याच्या आई नागपूरहून आल्या. गणिताच्या निवृत्त शिक्षिका, नवरा पूर्वीच गेलेला. माझ्या ऑफिसात आल्या तेव्हा बाहेर बर्फ होता आणि साडीवर मुलीचं भलंमोठं जाकीट चढवलेलं होतं. मला वाटलं होतं, आक्रोश ऐकावा लागेल. त्याचीही मी तयारी केली होती; अशा वेळी पाण्याचा ग्लास आणि टिश्यूचा डबा टेबलावर काढून ठेवायचा, हे आम्हाला शिकवलेलं असतं. त्यांनी दोन्हीला हात लावला नाही.

"साहेब," त्या म्हणाल्या, "माझा एकच प्रश्न आहे. त्याने सांगितलं होतं की नव्हतं? नसेल सांगितलं, तर चूक त्याची, आणि ती मी पदरात घेईन. सांगितलं असेल, तर तसं लिहून निघालं पाहिजे. दोन्हीपैकी एकच खरं असणार."

मी म्हटलं, "काकू, मी शोधतो. पण जे सापडेल ते सांगेन. तुम्हाला हवं तेच सापडेल असं नाही."

"मला हवं ते नकोच आहे," त्या म्हणाल्या.

इतक्या वर्षांच्या नोकरीत नातेवाइकांनी माझ्याकडे न्याय मागितला, सूड मागितला, कधी नुसतं वेळेवर प्रेत मागितलं. सत्य आपल्या विरुद्ध गेलं तरी चालेल असं म्हणणारं माणूस मी पहिल्यांदा बघत होतो. त्या गेल्यावर माझी सहकारी म्हणाली, "काय म्हणाली ती?" मी भाषांतर करून सांगितलं.

तपास मात्र अडला. कोठडीतल्या कॅमेऱ्याला आवाज नव्हता. चित्रात दिसत होतं की शनिवारी संध्याकाळी तो दारापाशी उभा राहून बोलतो आहे, हातवारे करतो आहे. रविवारी तो बहुतेक आडवाच आहे. पण काय बोलतो, हे चित्रावरून सिद्ध होत नाही. रक्ताच्या तपासणीत कुठलंही ड्रग निघालं नाही. शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरांनी डोळ्यातल्या द्रवाची तपासणी करून इन्सुलिनअभावी साखर बेसुमार वाढून रक्तात विष झाल्याचा निष्कर्ष दिला. त्याने मृत्यूचं कारण ठरलं. जबाबदारी ठरली नाही. जेलचं म्हणणं कायम होतं: आम्हाला माहीतच नव्हतं.

एक गोष्ट मला खुपत होती. सुपरवायझर आणि त्या शिफ्टची महिला गार्ड, दोघांचे जबाब तंतोतंत जुळत होते. लोकांना वाटतं जबाब जुळले की खरे. माझा अनुभव उलटा आहे. दोन प्रामाणिक माणसं एकच अपघात बघतात, तेव्हा एकाला लाल गाडी आठवते आणि दुसऱ्याला रडणारं मूल. दोघांचे शब्दच एक असतील तर ते शब्द कुणीतरी दिलेले असतात. पण एवढ्यावर केस उभी राहत नाही.

मग एक फोन आला. राज्याच्या मोठ्या तुरुंगातले एक पाद्री बोलत होते. त्यांच्याकडे एक कैदी नुकताच काउंटीच्या जेलमधून बदलून आला होता. गाड्या चोरण्यात त्याचं अर्धं आयुष्य गेलेलं. मेलेल्या भारतीय मुलाच्या शेजारच्या कोठडीत तो होता. "त्याला कुणीतरी ऐकून घ्यायला हवं आहे," पाद्री म्हणाले. "बदल्यात काहीही मागत नाही."

बदल्यात काही न मागणारा कैदी आम्हाला क्वचित भेटतो. आम्ही गेलो.

चाळिशीचा, किडकिडीत, गोरा माणूस. खुर्चीत बसल्याबरोबर म्हणाला, "तो पोरगा येडा नव्हता. नशेतही नव्हता. त्यांनी आणला तेव्हा थोडा गोंधळलेला होता, पण ज्यूस आणि सँडविच दिल्यावर तासाभरात माझ्यापेक्षा चांगलं इंग्लिश बोलत होता."

"काय बोलला?"

"दारातून गार्डला सांगत होता की मला डायबिटीस आहे, इन्सुलिन लागेल, गाडीत आहे. प्रत्येक वाक्यात मॅडम. गार्ड म्हणाली, उद्या. रविवारी पुन्हा उद्या. रविवारी त्याला उलट्या सुरू झाल्या. मी माझ्या कोठडीतलं गार्डला बोलवायचं बटण दाबत राहिलो. शेवटी त्यांनी माझी फोन करायची सवलत बंद केली, शिक्षा म्हणून."

माझ्या सहकारीने विचारायला हवं तेच विचारलं. "तुझ्यावर विश्वास का ठेवायचा? हे सगळं तू टीव्हीवर ऐकलेलं असू शकतं."

तो चिडला नाही. कदाचित हा प्रश्न त्याला आयुष्यभर विचारला गेला असेल. "मध्ये एक हवेची जाळी आहे," तो म्हणाला. "आवाज येतो. तो झोपायला लागला की मला भीती वाटायची. त्याला जागं ठेवायचं म्हणून मी म्हटलं, तुझ्या भाषेतले शब्द शिकव. मग मी विचारायचो आणि तो सांगायचा. थोडे अजून आठवतात."

मी मराठी आहे हे मी त्याला सांगितलं नाही. माझं आडनाव त्याला कळलं होतं, पण त्याच्या लेखी ते इतर कुठल्याही भारतीय आडनावासारखंच. रेकॉर्डर चालू होता. मी फक्त म्हटलं, "सांग."

त्याने डोळे मिटले. "पानी. ते वॉटर. भाऽऊ. ते मला म्हणायचा, ब्रदर. साकर म्हणजे शुगर. म्हणायचा, माझी साकर वर चालली. सुई. ती नीडल. आणि टाई. मला वाटलं, गळ्यात बांधतात ती टाय. तो हसला. म्हणाला नाही, मोठी बहीण."

तुरुंगाच्या त्या खोलीत, ज्याने आयुष्यात मराठी माणूस पाहिला नसेल असा एक गाडीचोर, माझ्या आईची भाषा बोलत होता.

"आणखी एक आहे," तो म्हणाला. "गार्ड सारखी टुमॉरो म्हणत होती, म्हणून मी विचारलं, तुमच्यात टुमॉरोला काय म्हणतात? म्हणाला, उद्या." त्याने डोळे उघडले. "त्यानंतर तो इंग्लिश बोललाच नाही. नुसतं त्याच्या भाषेत. मला कळत नव्हतं, पण मी हो हो म्हणत राहिलो. कुणीतरी ऐकतंय, एवढं त्याला वाटावं म्हणून."

बाहेर आल्यावर सहकारीने विचारलं, "ते खरे शब्द आहेत?"

"शब्द न् शब्द," मी म्हटलं.

पुरावा म्हणून याची किंमत काय, ते दोघांनाही कळत होतं. कैद्याला तिथे इंटरनेट नव्हतं, दुसरा मराठी माणूस नव्हता. शुद्धीत नसलेला माणूस कुणाला भाषा शिकवत नाही. साखर आणि सुई हे शब्द तर नाहीच. आल्यापासून बडबड करत होता, हे जेलचं म्हणणं तिथेच मोडलं.

दुसऱ्या दिवशी त्या महिला गार्डला पुन्हा बोलावलं. निवृत्तीला आलेली, नातवंडं असलेली बाई. वकील सोबत होता. मी आवाज चढवला नाही. आवाज चढवणाऱ्या अधिकाऱ्यापुढे माणूस आपला जबाब घट्ट धरून बसतो, हे मला वडिलांनी सांगितलेलं. मी तिला फक्त कैद्याचं रेकॉर्डिंग ऐकवलं आणि प्रत्येक शब्दाचा अर्थ सांगितला. सुईपर्यंत आल्यावर तिचा हात आपोआप स्वतःच्या पोटाकडे गेला. चिमटीत कातडी धरल्यासारखा.

"तो असं करायचा," ती म्हणाली.

वकील म्हणाला, "उत्तर देऊ नका." तिने त्याच्याकडे पाहिलंच नाही.

"तो असं करून दाखवायचा. पोटात टोचायची खूण. इन्सुलिन म्हणाला होता तो. मी ऐकलं. दोनदा सुपरवायझरला सांगितलं. तो म्हणाला, सगळे नशेबाज सुईच मागतात, सोमवारी नर्स येईल तेव्हा बघेल. मला वाटलं, त्याला माझ्यापेक्षा जास्त कळत असेल. मग सकाळी त्याने आम्हाला बसवून सांगितलं, जबाबात काय लिहायचं ते."

"नर्सला त्याने नाकारलं होतं?"

"नर्स आलीच नव्हती. शनिवार-रविवार नर्स नसतेच."

काकूंना सांगायला मी स्वतः ईडन प्रेरीला गाडी घेऊन गेलो. अशी गोष्ट फोनवर सांगत नाहीत. बहिणीने दार उघडलं. काकू डायनिंग टेबलापाशी बसल्या होत्या. मी उभ्या उभ्याच म्हटलं, "काकू, त्याने सांगितलं होतं. शनिवारी आणि रविवारीही. इंग्रजीत सांगितलं, खुणेने सांगितलं. शेवटी मराठीत."

बहिणीने तोंड दाबून घेतलं आणि आतल्या खोलीत गेली. काकूंनी डोळे मिटले. नंतर म्हणाल्या, "बरं झालं. म्हणजे तो घाबरून गप्प बसला नव्हता." आणि मग, "शेजारच्या त्या माणसाला भेटता येईल का?"

साक्ष व्हायच्या आधी तसं करता येत नाही. मी ते समजावलं. त्या थांबायला तयार होत्या. सुपरवायझरने पुढे गुन्हा कबूल केला, खटला उभा राहिलाच नाही. तेव्हा शिक्षेच्या सुनावणीच्या आधी मी त्यांना आणि त्यांच्या मुलीला तुरुंगात घेऊन गेलो. भेटीच्या खोलीत तो माणूस इतका अवघडला होता की खुर्चीच्या कडेवर बसला. त्याचे उच्चार काकूंना नीट कळत नव्हते, म्हणून बहिणीने दुभाष्याचं काम केलं. काकूंनी त्याला सगळं विचारलं. मुलगा रडला का, कुणाला हाका मारल्या, थंडी वाजत होती का. त्याने काहीही लपवलं नाही. मग त्या म्हणाल्या, "तुम्हाला शिकवलेले शब्द म्हणून दाखवा."

त्याने म्हटले. "साकर" आल्यावर काकूंनी हात वर केला. "ख," त्या म्हणाल्या. "साखर."

"साकर."

"ख. घशातून हवा येऊ द्या. सा-खर."

तिसऱ्या-चौथ्या वेळी त्याला जमलं. काकूंनी मान हलवली, वर्गात पोराचं गणित सुटल्यावर हलवावी तशी. "माझ्या मुलाने शिकवलंय," त्या म्हणाल्या, "तर बरोबर यायला पाहिजे." तो माणूस टेबलावर डोकं टेकून रडायला लागला. काकू नाही. त्यांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. शिपायाने स्पर्शाला मनाई असल्याची आठवण करून द्यायला हवी होती. त्याने दुसरीकडे पाहिलं. मीही.

सुनावणीच्या दिवशी कोर्ट भरलं होतं. अशा वेळी मृताच्या नातेवाइकांना न्यायाधीशांपुढे बोलायची मुभा असते. काकूंना इंग्रजी येत होतं. त्यांनी दुभाषा मागितला. दुसऱ्या राज्यातल्या एक मराठी बाई व्हिडिओवर आल्या. काकू उभ्या राहिल्या.

"न्यायाधीश महाराज, मला तुमची भाषा येते. पण आज मी मराठीत बोलणार आहे. माझा मुलगा रविवारी हीच भाषा बोलत होता. तुमच्या जेलच्या कागदात तिला निरर्थक बडबड म्हटलं आहे. त्याच सरकारच्या कोर्टात आज ही भाषा आहे म्हणून नोंदवली जावी. शिक्षा किती द्यायची ते तुमचं काम, मी त्यात पडत नाही. मला एकच वाक्य लिहून हवं आहे. त्याने सांगितलं होतं."

दुभाषी बाईंनी शेवटचं वाक्य इंग्रजीत सांगितलं. न्यायाधीशांनी चष्मा काढला आणि लेखनिकाला सांगितलं की ते वाक्य आधी मूळ भाषेत जसं उच्चारलं तसं लिहा, मग इंग्रजीत. काकूंना त्यांनी विचारलं की अक्षरं सांगाल का. काकूंनी एकेक अक्षर सुटं करून सांगितलं.

सुपरवायझरला तुरुंगवास झाला. त्या जेलमध्ये आता शनिवार-रविवारी नर्स असते. कोठडीत मृत्यू झाला आणि घरचे प्रश्न विचारायला लागले की खात्यातली माणसं अंग चोरतात. त्यांना तो हल्ला वाटतो. या केसनंतर नव्या डिटेक्टिव्हना मी एकच सांगत आलो. मेलेल्या माणसाला जन्मभर ओळखणारे लोक तुमच्या दारात आलेत. त्यांच्याइतका चांगला साक्षीदार तुम्हाला मिळणार नाही. बसायला खुर्ची द्या आणि ऐका.

पण मला सगळ्यांत जास्त शिकवलं ते सुनावणी संपल्यावर, कोर्टाच्या कॉरिडॉरमध्ये. ती गार्ड बाई भिंतीपाशी उभी होती. तिची नोकरी गेली होती. काकू जवळून जाताना ती पुढे आली आणि म्हणाली, "आय अ‍ॅम सॉरी." बहिणीने आईचा दंड धरून ओढलं. काकू थांबल्या. त्या बाईकडे त्यांनी नीट पाहिलं आणि सावकाश इंग्रजीत म्हणाल्या, "तू खरं बोललीस. उशिरा बोललीस. पण बोललीस."

त्यांनी ना तिचे हात हातात घेतले, ना तोंड फिरवलं. मुलीबरोबर चालत लिफ्टकडे गेल्या. मी नोकरीत पुष्कळ न्यायाधीश पाहिले, त्यांतले काही फार मोठे होते. इतका नेमका निवाडा मी कुणाच्याही तोंडून ऐकलेला नाही.